पावणेनऊशे किलोमीटर

मुंबईला दिल्लीपेक्षा कराची जवळ आहे. सहारच्या विमानतळापासून दिल्लीचा विमानतळ हवाई अंतरानं १,१४० किलोमीटरच्या आसपास पडतो, कराचीचा ८७५. बंगळूर ८३५. आयटीतली, बँकांमधली माणसं सकाळी बंगळूरला जाऊन, बैठक उरकून रात्री जेवायला घरी येतात. कराची त्याहून चाळीसेक किलोमीटर लांब, एवढंच.

हे अंतर काही कुणी जमिनीवर साखळी टाकून मोजलेलं नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोल पाठीवरून त्यांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा काढायची. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. वैमानिक ती सागरी मैलात मोजतात. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. मुंबई ते कराची असे ४७२ मैल भरतात. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोला जाताना ही आखूड रेषा सपाट नकाशावर केवढी तरी वाकडी दिसते, थेट ध्रुवाकडे झुकते. कराचीच्या बाबतीत ती नकाशावरही जवळजवळ सरळच दिसते. पृथ्वीला आपला गोलवा दाखवायला जागाच मिळत नाही, इतकं हे जवळ आहे.

अंतरावरून वेळ काढणं मात्र वाटतं तितकं सोपं नसतं. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढून ते जागचं हललं की वेळ सुरू होते आणि पलीकडच्या विमानतळावर चाकांना पुन्हा अडसर लागले की संपते. विमान कंपन्यांत याला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेली वेळ ती हीच. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदून जाणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. मग वीसेक मिनिटं चढण, अर्धा तास दहा-अकरा किलोमीटर उंचीवरची सपाट वाट आणि पुन्हा वीसेक मिनिटं उतार. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, जाताना तो तोंडावर येतो आणि परतताना पाठीवर. हे सगळं धरून, थोडी सैल वेळ सोडून, वेळापत्रकात दीड तासाच्या आसपासचा आकडा येतो. शिवाय पाकिस्तानची घड्याळं आपल्यापेक्षा अर्धा तास मागं आहेत. मुंबईहून दहाला सुटलेलं विमान कराचीच्या घड्याळात अकराला पोचेल. तिथून दहाला निघालेला माणूस मात्र आपल्याकडे बाराला उतरेल.

पोचेल, उतरेल. भविष्यकाळ वापरावा लागतो, कारण आज असं विमान नाही.

ती रेषा मी किती तरी वेळा नकाशावरून बोटानं चालत गेलो आहे. मुंबईहून वायव्येला निघालं की लगेच समुद्र लागतो, खंबातच्या आखाताचं रुंद तोंड. मग दीवच्या थोडं पूर्वेला काठेवाडचा किनारा ओलांडून रेषा गीरच्या जंगलावर येते. आशियातले मोकळे सिंह जगात आता फक्त याच मुलखात उरले आहेत. पुढं द्वारका डावीकडे आणि जामनगर उजवीकडे ठेवून ती कच्छच्या आखातात उतरते, आखातापलीकडे पश्चिम कच्छचा अबडासा तालुका, मग लखपतच्या बाजूच्या खाड्या, सर क्रीक, सिंधू नदीच्या मुखाचा चिखल आणि खारफुटी, आणि शेवटी कराची. खाली डोंगर म्हणावा तर गिरनार, तेवढाच. हवाई प्रवासाला याहून निर्धोक वाट मागूनही मिळायची नाही. तरी या वाटेवर माणसं मेली आहेत, आणि ती वादळानं मेलेली नाहीत.

त्यातली एक गोष्ट दोन भावांची आहे. ती सुरू होते १९३० मध्ये. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधलं अंतर एकट्यानं विमान चालवत कापणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी. दोन्हींपैकी कुठल्याही बाजूनं निघायची मुभा होती. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. तिकडून निघाला होता अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर इथं दोघांची गाठ पडली. अस्पी तिथं अडकून पडला होता, त्याच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते. जे. आर. डीं.नी स्वतःजवळचे काढून दिले. अस्पी पुढं निघाला, कराचीत उतरला आणि शर्यत जिंकला. पुढं तो हवाई दलात गेला आणि १९६० साली भारताचा हवाई दल प्रमुख झाला. या गोष्टीतली प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारी माणुसकी सगळे सांगतात आणि ती सांगण्याजोगी आहेच. मला त्यातलं कराची आठवत राहतं. तो पारशी पोरगा जिथं जिंकून उतरला ते गाव त्याच्या देशातलं होतं.

अस्पीचा भाऊ जहांगीर हाही वैमानिक. सप्टेंबर १९६५, भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं. १९ तारखेला गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता, त्यांच्या पत्नी आणि सोबतची काही माणसं एका छोट्या बीचक्राफ्ट विमानातून द्वारकेजवळच्या मिठापूरहून कच्छकडे निघाली. विमान जहांगीर इंजिनिअर चालवत होते. कराचीच्या मौरीपूर तळावरून उठलेल्या एका सेबर विमानाला ते रडारवर दाखवून दिलं गेलं. त्या वैमानिकानं, कैस हुसेन यांनी, नंतर लिहिलं आहे की समोरच्या विमानानं पंख हलवून दयेची खूण केली होती. हे नागरी विमान आहे असं त्यांनी खाली कळवलंही. आज्ञा बदलली नाही. अबडासा तालुक्यातल्या सुथरी गावाजवळ विमान पडलं, आतलं कुणी वाचलं नाही. सुथरी नकाशावर शोधून पाहा. मुंबई-कराचीची ती आखूड रेषा जवळजवळ त्या गावावरूनच जाते.

शेहेचाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, कैस हुसेन यांनी जहांगीर इंजिनिअर यांच्या मुलीचा पत्ता शोधून काढला आणि तिला पत्र लिहिलं. जे घडलं ते सांगितलं, दुःख कळवलं. तिनं उत्तर पाठवलं आणि त्यात कटुता नव्हती. दोन्ही बाजूंच्या वर्तमानपत्रांत ते तेव्हा छापून आलं होतं. माझ्या मते मुंबई आणि कराची यांच्यामधलं अंतर गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कुणी खऱ्या अर्थानं कापलं असेल तर ते या दोघांनी. विमानातून नाही, आणि सरकारांनी सांगितलं म्हणूनही नाही. मात्र त्याला शेहेचाळीस वर्षं लागली.

याच टापूत १९९९ च्या ऑगस्टमध्ये, कारगिल संपून महिना व्हायच्या आत, पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान भारतीय मिगनं पाडलं आणि त्यातले सोळा जण गेले. सर क्रीक म्हणजे शंभरेक किलोमीटर लांबीची दलदलीतली खाडी. तिच्या मधोमध सीमा मानायची की पूर्वेच्या काठावर, हा वाद अजून मिटलेला नाही. भरती आली की तो सगळा प्रदेश पाण्याखाली एकसारखा दिसतो.

पण ही वाट सुरू झाली ती पत्रांसाठी. इंपिरिअल एअरवेजनं १९२९ साली लंडनहून कराचीपर्यंत हवाई टपाल आणायला सुरुवात केली होती. कराचीच्या पुढं त्याच पिशव्या आगगाडीनं जायच्या. लंडनहून उडत आलेलं पत्र उरलेली वाट आगगाडीच्या चालीनं सरकत सरकत मुंबई-मद्रासला पोचायचं. ती त्रुटी भरून काढायला टाटांची टपाल सेवा निघाली. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. कराचीच्या ड्रिग रोडवरून पस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या विमानातून निघाले. सोबत पंचवीसेक किलो टपाल. रेडिओ नाही, जमिनीवरून वाट दाखवणारं कुणी नाही, ताशी वेग १६० किलोमीटर. अहमदाबादला उतरून इंधन भरलं. ते पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं. अहमदाबादची वाकडी वाट धरून हजारावर किलोमीटर, आणि वेळ लागला सात तासांहून थोडा जास्त. पुढं बेल्लारी-मद्रासचा टप्पा जे. आर. डीं.चे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केला. एअर इंडियाचा, किंबहुना आपल्या देशातल्या हवाई वाहतुकीचाच जन्म हा असा कराची-मुंबई वाटेवर झाला. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्यात जायचं, तेव्हा हा सगळा संसार उचलून पुण्याला न्यायचे.

आणखी एक गोष्ट या उड्डाणाबद्दल सहसा कुणी बोलत नाही. १९३२ मध्ये सिंध मुंबई इलाख्यात होता, तो वेगळा निघाला १९३६ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे त्या दिवशी जे. आर. डी. एका इलाख्यातल्या मोठ्या बंदराहून त्याच इलाख्याच्या राजधानीला आले, जसं आज कुणी नागपूरहून मुंबईला यावं. त्यांनी जी रेषा वरून आखली तिच्यावरून माणसं खालून कधीची ये-जा करत होती. कराचीतली पहिली सरकारी इंग्रजी शाळा १८५५ सालची, आणि आज ती ज्यांच्या नावानं चालते ते नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ, सिंधच्या शिक्षण खात्यातले अधिकारी. फाळणी झाली, गावाचं सगळं रूप पालटलं, तरी शाळेचं नाव ‘एन. जे. व्ही.’ तेच राहिलं. आजही कराचीत थोडी मराठी घरं आहेत. भाद्रपदात तिथं गणपती बसतो आणि आरती मराठीत होते.

कल्याणला आमच्या शेजारी एक सिंधी काका राहायचे, उल्हासनगरहून नंतर आमच्या बाजूला आलेले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा दिली गेली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, तिथं त्यांचं बालपण गेलं. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, फक्त ‘ळ’ कधी कधी ‘ल’कडे झुकायचा. कराची सोडली तेव्हा ते शाळकरी होते. कियामारीच्या धक्क्यावरून बोट, दोन रात्री डेकवर आणि मग मुंबईची गोदी. बोटीत त्यांना आठवायचा तो आईच्या मांडीवरचा पितळी डबा. त्यात काय होतं ते त्यांना कधीच कळलं नाही, पण आई झोपतानाही त्यावरचा हात काढत नव्हती.

एकदा त्यांच्या नातवाचा पृथ्वीगोल टेबलावर होता. शाळेत वापरतात तसला, फूटभर व्यासाचा. मी शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन मुंबई आणि कराची यांच्यामध्ये ताणून धरला. जेमतेम दोन सेंटिमीटर दोरा लागला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोऱ्याच्या वरच्या टोकाला अंगठा टेकवला. अंगठ्याखाली मुंबईसुद्धा झाकली गेली.

“विमानानं किती लागतं रे आता?”

“दीड तास, काका.”

“दीड तास!” त्यांनी अंगठा उचलला नाही. “कल्याणहून चर्चगेटला मला याहून जास्त लागायचा. रोज.”

मग जरा वेळानं म्हणाले, “आमची गल्ली ट्रामच्या रस्त्यापासून दुसरी. तू तरुण आहेस, व्हिसा मिळाला तर जाऊन ये. घर बघू नकोस, घरात आता दुसरी माणसं असतील, त्यांना उगाच वाईट वाटेल. गल्ली तेवढी बघून ये.”

मी हो म्हणालो होतो. त्या काळी ते अशक्य नव्हतं. पाकिस्तान इंटरनॅशनलचं विमान मुंबई-कराची ये-जा करत असे. काका आता नाहीत. त्यांची ती ‘गल्ली तेवढी’ मात्र माझ्याकडे राहून गेली.

या वाटेचा इतिहास म्हणजे दार उघडणं आणि लावणं. १९६५ ला बंद झाली, १९७१ मध्येही दार बंद, १९७६ ला परत सुरू. १९८२ मध्ये, त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. तसल्याच एका जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकटे कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. दोन युद्धांनंतर हे होऊ शकलं, याचं मला फार अप्रूप आहे. कुणीतरी अर्ज केला असेल, दोन्हीकडच्या कुणा अधिकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या असतील आणि एका म्हाताऱ्या माणसासाठी आकाश उघडून दिलं असेल. पुढं १९९४ मध्ये कराचीतला आपला वाणिज्य दूतावास बंद झाला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ च्या जानेवारीपासून पुरती दोन वर्षं दोन्ही देशांची विमानं एकमेकांच्या आकाशात गेली नाहीत. नंतर ती पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये मुंबई-कराची सेवा थांबली, तेव्हा तर लढाई वगैरे काही नव्हती. पुरेसे प्रवासी मिळेनात, कारण व्हिसे मिळेनात. ती त्यानंतर सुरू झालेली नाही. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं साडेचार महिने आपलं आकाश मिटून घेतलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या बैसरनमध्ये सव्वीस माणसं मारली गेली. त्यातली काही आपल्या डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. त्यानंतर पाकिस्ताननं भारतीय विमानांना आणि पाठोपाठ भारतानं पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीत बंदी केली. पुढं ती बंदी एकेक महिन्यानं वाढत राहिली.

डोंबिवली माझ्या घराजवळचंच स्टेशन. त्या दिवसांत तिथं जे झालं ते मी पाहिलं आहे. तिथल्या कुणाला मी कराचीच्या विमानाबद्दल बोलायला जाणार नाही, आणि त्यांचा राग मला परका वाटत नाही. तरीही ते पावणेनऊशे किलोमीटर जिथल्या तिथं आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आज मुंबईहून कराचीला जायचंच असेल आणि व्हिसा हातात असेल तर दुबई गाठावी लागते. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, दुबई-कराची १,१९०. एकूण ३,१२० किलोमीटर, सरळ वाटेच्या साडेतीन पट. दुबईतला मुक्काम कितीही तोकडा धरला तरी सात-आठ तास जातात. जे. आर. डीं.ना त्या चिमुकल्या विमानातून, बैलगाडीतल्या पेट्रोलसाठी थांबून, सात तास लागले होते.

पण आकाशात एक गोष्ट चालू राहिली आहे, आणि तिचा मला आधार वाटतो. बंदी आहे ती भारतीय आणि पाकिस्तानी विमानांना. बाकीच्या देशांची विमानं दोन्ही हद्दींतून जातात. मुंबईच्या हवाई नियंत्रणाची हद्द जिथं संपते तिथं कराचीची सुरू होते, मध्ये रिकामी जागा नसते. त्यामुळे हद्दीवर येणारं प्रत्येक विमान एका केंद्राला दुसऱ्याच्या हवाली करावं लागतं. मुंबईच्या खोलीतला नियंत्रक कराचीच्या खोलीतल्या नियंत्रकाला सांगतो की अमुक क्रमांकाचं विमान, अमुक उंचीवर, अमुक बिंदूवर अमुक मिनिटाला येईल. समोरचा ते आकडे जसेच्या तसे परत म्हणून दाखवतो. एखादा आकडा चुकला तर शेकडो माणसांच्या जिवावर बेतेल, म्हणून दोघंही शांतपणे, स्पष्ट उच्चारात बोलतात. खाली काहीही चाललेलं असो, आकाश अगदीच मिटलेलं नसेल तर हे बोलणं रात्रंदिवस चालतं. एकमेकांची तोंडं त्यांनी पाहिलेली नसतात. पण मुंबई आणि कराची एकमेकींशी बोलत नाहीत असं कुणी म्हटलं तर मला या दोन खोल्या आठवतात.

आणि मला पालघर जिल्ह्यातली ती माणसं आठवतात ज्यांना हे अंतर वरून नव्हे, पाण्यावरून भेटतं. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे वारली, कोळी पावसाळा सरला की खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. घरी आगाऊ उचल दिलेली असते, ती फेडायची असते. समुद्रात कुंपण नाही. सर क्रीकचा वाद सुटलेला नाही म्हणून त्यापुढची सागरी सीमाही ठरलेली नाही, आणि मासळी जिकडे भरपूर तिकडे बोट जाते. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोटीसकट पकडून नेते ती कराचीला, मलीरच्या तुरुंगात. शिक्षा होते ती काही महिन्यांची. ती भोगून झाली तरी माणूस भारतीय आहे याची खातरजमा, मग यादी, मग दोन्हीकडच्या संबंधांचा त्या महिन्यातला रंग, यांत वर्षं जातात. पाड्यावर त्याची बायको ग्रामपंचायतीतून तहसीलला आणि तिथून पुन्हा पंचायतीत कागद नेत असते.

सुटका झाली की त्याला घरी कसं आणतात पाहा. कराचीहून आगगाडीनं लाहोरला, हवाई अंतरच हजारावर किलोमीटर, आणि तेही घराच्या उलट दिशेनं. मग वाघा-अटारीला पायी सीमा ओलांडायची. मग अमृतसरहून गुजरात आणि तिथून डहाणू, आणखी दीड हजाराहून जास्त किलोमीटर. समुद्रातून पकडलेल्या माणसाला पंजाबच्या गव्हाच्या शेतांमधून घरी यावं लागतं. २०२४ च्या मार्चमध्ये डहाणूकडच्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगातच मृत्यू झाला. त्याचं शरीर गावी पोचेपर्यंत महिन्याहून अधिक काळ गेला.

दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. २००८ चा तसा करार आहे आणि तो दोघांनीही पाळला आहे. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते आणि आपल्या ताब्यात पाकिस्तानचे ८१.

१९३ माणसं एअरबस ए-३२१ जातीच्या एका विमानात बसतात, वर काही जागा मोकळ्या राहतात. आपल्याकडे अशी विमानं रोज बंगळूरला जातात. मुंबईहून जाताना त्यात ते ८१ जण बसवावेत. इंधन दोन्हीकडचं मिळून दहा टनांच्या आत-बाहेर लागेल. सकाळी नऊला निघालं तर कराचीत त्यांच्या घड्याळात दहा वाजतील. कागदपत्रं तपासून होईपर्यंत विमान तिथं उभं राहील, मग इकडची माणसं चढतील, आणि त्याच रेषेवरून, खाडी, कच्छ, गीर आणि खंबातचं आखात ओलांडत, दुपारी उशिरा सहारला उतरतील. दोन सह्या लागतील. १९८२ ला मिळाल्या होत्या तशा. वेरावळ-पोरबंदरकडच्यांना मुंबईहून गुजरातकडची गाडी मिळेल. डहाणूची माणसं घ्यायला येणार असतील तर त्यांना सकाळची लोकल पुरेल. अंधेरीला उतरून मेट्रोनं विमानतळाच्या रस्त्यापर्यंत जाता येतं, आणि तिथून रिक्षा.